चष्म्याला तीट

वच्छलाअक्कांचा धड एकही फोटो माझ्याकडे नाही. मोबाईल समोर धरला रे धरला की त्या तोंड फिरवायच्या. "मना फोटो काढीसन काय करशी वं, भित्तीवर टांगशी?" असं म्हणून हसायच्या आणि पदर पुढे ओढायच्या. मागच्या हिवाळ्यात सुरतेहून त्यांच्या मुलाचा फोन आला, की आई गेली, झोपेतच गेली, त्रास झाला नाही. त्या दिवशी मी जळगावच्या या घरात बसून कपाटातले सगळे जुने मोबाईल चार्ज केले आणि अक्कांना शोधत बसले. तीन फोटो सापडले. एकात नुसती पाठ. एकात सूप आणि दोन हात. तिसऱ्यात आमची सई चष्मा घालून जीभ काढतेय आणि तिच्यामागे अर्धी जांभळी साडी. बस. सात वर्षं ज्या बाईनं माझं घर सांभाळलं तिची माझ्याकडे एवढीच शिल्लक. मला इतका राग आला माझाच, की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले.

तेव्हा आम्ही धुळ्याला देवपुरात राहायचो. मी सोनगीरच्या शाळेत मास्तरीण, नवरा सुनील जळगावला नोकरीला, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. खालच्या दोन खोल्यांत अक्का एकट्या; मी शाळेत असले की सई त्यांच्याकडेच. नवरा एसटीत ड्रायव्हर होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सुरतेच्या कापड बाजारात. माझं माहेर सावद्याचं, केळीच्या बागांतलं. आमची बोली वेगळी, अक्कांची अहिराणी वेगळी. पहिल्या वर्षी त्या बोलायच्या त्यातलं निम्मं मला कळायचं नाही आणि उरलेल्या निम्म्याचं मला हसू यायचं. सईला मात्र बठ्ठं, म्हणजे सगळंच, कळायचं. तिला मराठीच्या आधी अक्कांची भाषा आली.

बाई ठेंगणी, काटक, चालताना सपाता फटक फटक वाजवणारी. आवाज असा की खालून त्यांनी दूधवाल्याला हाक मारली तर वर माझ्या हातातली सांडशी सुटायची. आणि एक खोड. घरात कुठलीही नवी वस्तू आली, आपली असो की दुसऱ्याची, की तिला हळदकुंकू लावल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. कुकरला लावलं, गिझरला लावलं. सुनीलनं नवा लॅपटॉप आणला, तो आंघोळीला गेला तेवढ्यात त्याच्या झाकणावर पाच बोटं उमटली. तो बिचारा ऑफिसात तसाच घेऊन गेला. "नवं घरमा येस तं त्याले आपलं करनं पडस," असं त्यांचं म्हणणं. म्हणजे घरात आलेल्या नव्याला आधी आपलंसं करायचं. मी चिडायचे, आणि पुसायचेही नाही.

सई साडेचार वर्षांची असताना बालवाडीच्या बाईंनी सांगितलं की ही चित्राच्या पुस्तकाला मान तिरकी करते, एकदा डोळे दाखवा. सुनीलनं जळगावच्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. त्यांनी आधी तिचा डावा डोळा झाकला. सई खुर्चीत मजेत पाय हलवत हत्ती, घर, फूल सगळं सांगत गेली. मग उजवा झाकला. तिचे पाय थांबले. समोर एवढा मोठा हत्ती होता आणि माझी पोरगी म्हणाली, "आई, लाईट गेली का?"

तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाव्या डोळ्याचा नंबर खूप जास्त, त्यामुळे त्यातून नीट दिसलंच नाही कधी, म्हणून मेंदूनं तो डोळा वापरायचं सोडून दिलं. आळशी डोळा म्हणतात याला. चष्मा झोपेपर्यंत नाकावर पाहिजे. सात-आठ वर्षांच्या आत जेवढं करू तेवढं खरं, नंतर हा डोळा सहसा ऐकत नाही. दोन महिन्यांनी दाखवा. एवढं सगळं त्या शांतपणे बोलल्या आणि मी परत येताना एरंडोलपर्यंत बसमध्ये तोंडाला रुमाल लावून रडले.

अक्कांना सांगितलं तर त्यांना तो शब्दच खटकला. "आळशी? माय वं, इतकीशी पोरना डोयाले आळशी म्हनस ती डाक्टरीन? आळशी नही वं तो. निजेल शे. त्याले उठाडनं पडी." म्हणजे झोपलाय तो, उठवावा लागेल. मला त्या दिवसातलं पहिलं बरं वाटलेलं वाक्य ते.

पण उठवायचा कसा? गुलाबी फ्रेमचा, मागून इलॅस्टिकची पट्टी लावलेला चष्मा आला आणि सईनं घरात नुसता उच्छाद मांडला. पहिल्या दिवशी चष्मा पिठाच्या डब्यात सापडला, दुसऱ्या दिवशी मोरीत. तिसऱ्या दिवशी गच्चीवरून खाली गेला, नशिबानं अक्कांच्या वाळत घातलेल्या गोधडीवर पडला. मी लाडीगोडी केली, चॉकलेटं दिली, ओरडले, एकदा तर हातही उगारला. चष्मा नाकावर दहा मिनिटं टिकायचा नाही. शाळेत मी साठ पोरांना एका नजरेत गप्प करते, पण या एका पोरीपुढे मी हात टेकले.

गोधडीवर पडलेला चष्मा घेऊन अक्का वर आल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सईला म्हणाल्या, "चाल, याले आपलं करूत." पाट मांडला, पाटावर तांदूळ, तांदळावर चष्मा. काड्यांना हळदकुंकू लावलं, निरांजन ओवाळलं आणि चष्म्यापुढे गुळाचा खडा ठेवला. मग तो चष्मा उचलून आमच्या देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या पायाशी नेऊन ठेवला. सईनं हात पुढे केला तर म्हणाल्या, आता नाही, आता तो देवाचा झाला. सकाळी आंघोळ केल्यावर देव देईल. दिवसभर घाल, झोपताना देवाला परत दे. देवाची वस्तू पिठात टाकत नसतात.

झोपेपर्यंत पोरगी त्या देव्हाऱ्याभोवती घिरट्या घालत होती. सकाळी आंघोळ करून ओल्या केसांनी समोर उभी राहिली. अक्कांनी प्रसाद द्यावा तसा उजव्या हातानं चष्मा दिला, तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, डोक्याला लावला आणि घातला. संध्याकाळी मी सोनगीरहून आले तेव्हाही तो नाकावरच होता. मला आनंद झाला हे खरंच. पण मला ते का नाही सुचलं, ही ठसठसही होती, खोटं कशाला सांगू?

लोकांचा बंदोबस्तही अक्काच करायच्या. पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कॉलनीतल्या एक बाई सईला जवळ ओढून हळहळल्या, "अगंबाई, इतक्या लहान वयात चष्मा? मोबाईल देत असाल. पुढे मुलीच्या जातीला अवघड जातं हो." मी कसनुसं हसले. अक्का कोपऱ्यात वाण मांडून बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "तुना नाकवर शे का चष्मा? नही ना? मंग तुनं काय दुखस वं? तीळगूळ खाय आनि गोड बोल." सगळ्या बायका हसल्या. त्या बाई पुढे दोन वर्षं आमच्या जिन्यावर फिरकल्या नाहीत, आणि काही बिघडलं नाही.

चष्मा लागून दोन महिने झाले. ठरल्याप्रमाणे शनिवारी आम्ही जळगावला निघालो. मी मोठ्या आशेनं निघाले होते, कारण या दोन महिन्यांत पोरीनं एक दिवस चष्मा चुकवला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी उजवा डोळा झाकला. सई म्हणाली, "पांढरं दिसतंय." मागच्या वेळी जेवढं तेवढंच. नखभर फरक नाही. त्यांनी भुवया आक्रसल्या, चष्मा काढला, उजेडाकडे धरला आणि काचेवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"हे काय लावता तुम्ही डाव्या काचेला?"

मी काही बोलायच्या आत सईच अभिमानानं म्हणाली, "तीट! अक्का लावते रोज. तू शाळेत गेलीस की लगेच. आज तू कुलूप लावत होतीस तेव्हा लावली."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. बसमध्ये ती सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून बसली होती, चष्म्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मी साडेनऊला निघून जायचे. त्यानंतर अक्का तिला बालवाडीत नेताना काजळाची तीट लावायच्या. गालाला नाही, चष्म्याला. आणि अक्कांची तीट म्हणजे कोपऱ्यातलं टिंब नव्हे, चांगली हरभऱ्याच्या दाण्याएवढी, काचेच्या मधोमध. काजळ एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं, घरचं. दुपारपर्यंत ते तेल काचभर पसरायचं. आणि मी रोज संध्याकाळी तो चष्मा साबणानं धुवायचे आणि मनात म्हणायचे, काय गं बाई ही पोरगी मातीत खेळते. मास्तरीण ना मी! साठ पोरांच्या वह्या तपासते, पण एकच काच रोज काळी का होते हे मला दिसलं नाही. काच पुसून पुन्हा तक्ता दाखवला, तरी तेवढंच. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दोन महिने त्या डोळ्याला दिसलंच नाही म्हणजे. या वयात दोन महिने खूप असतात."

सुनील म्हणाला, शांत हो, घरी जाऊन बोलू. मी कसली शांत होते! धुळ्याला उतरले ती पायरीवरच अक्कांना गाठलं. त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी काय काय बोलले ते सगळं लिहायची माझी हिंमत नाही. अक्कांना आधी समजेचना. मग म्हणाल्या, "लोके काय गाल देखतस वं? चष्माच देखतस. मंग नजर कोठे लागी? चष्मालेच ना! आनि दुबया डोयाले नजर पहिले लागस, म्हनीसन तठेच लावी मी." दुबळा डोळा, त्याला आधी नजर लागेल, म्हणून राखण त्याच्यावर. हे सगळं त्यांनी इतक्या सरळपणानं सांगितलं की कुणालाही वाईट वाटलं असतं. मला वाटलं नाही. मी म्हणाले, "पोरगी आंधळी झाली असती तुमच्या अडाणीपणानं. यापुढे तिच्या चष्म्याला हात लावू नका."

अक्का शेंगांची टोपली उचलून आत गेल्या. दाराला कडी लावल्याचा आवाज आला. दिवसाढवळ्या त्यांच्या दाराला कडी मी पहिल्यांदा ऐकली.

आता डॉक्टरीणबाईंनी नवं सांगितलं होतं. चष्मा तर आहेच, शिवाय रोज दोन तास उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची आणि त्या वेळात डाव्या डोळ्याला बारीक काम द्यायचं. मी शाळेतून आठ दिवसांची रजा घेतली. पहिल्या दिवशी पट्टी लावली तर सई जमिनीवर लोळून किंचाळली. चांगला दिसणारा डोळाच बंद केल्यावर ती तरी काय करणार? भिंतीला धडकली, पाण्याचा पेला सांडला, पट्टी ओरबाडून काढली, गालाची कातडी लाल झाली. चष्माही गेला. देव्हाऱ्यातून मी दिला तर घेईना. "तू देव नाहीस," म्हणाली. अक्काच कुठे देव होत्या, पण ते तिला कोण सांगणार! पाचव्या दिवशी ती दाराशी बसून खालच्या जिन्याकडे बघत होती, चष्म्याशिवाय, मान तिरकी करून. मी तिच्या शेजारी बसले आणि मला कळून चुकलं की माझा ताठा आणि माझ्या पोरीचा डोळा, दोन्ही राखता यायचे नाहीत.

मी खाली गेले. कडी वाजवली. अक्कांनी दार उघडलं. चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. मी म्हणाले, "अक्का, सई पट्टी लावू देत नाही." माफ करा म्हणायला गेले होते आणि हे म्हणाले.  "मास्तरीन, मी काय दुश्मन शे का तिनी?" एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी सपाता घातल्या आणि फटक फटक करत माझ्या पुढेच जिना चढल्या. जिन्यात थांबून फक्त एक खात्री करून घेतली, "कोनता डोया झाकना शे? उजवा? जेवना हातना?" जेवायचा हात म्हणजे उजवा, हे त्यांनी पुढे रोज पट्टी लावण्याआधी स्वतःच्या हाताकडे बघून पक्कं केलं. एक दिवससुद्धा चुकल्या नाहीत.

त्यांनी सईला दोन तास काय दिलं असेल? खेळणी नाही, चित्रं नाही. सूप दिलं. सुपात उडीद. आमच्याकडे कळण्याच्या भाकरीला ज्वारीत उडीद दळतात, त्यातले खडे वेचायचे. "आते तू मोठी व्हयनी, मना डोयास्ले दखात नही, तू निवडी दे." पट्टी लावलेली, वर चष्मा घातलेली सई नाक सुपाला लावून बसली. पहिल्या दिवशी तिनं चांगले उडीद फेकले आणि खडे ठेवले. मी मागून हळूच ते सूप ओढलं, म्हटलं पुन्हा निवडून घेऊ. अक्कांनी माझ्या हातावर चापट मारली. खरीखुरी चापट. "पोरनं निवडेल शे. तेच शिजी."

आणि तेच शिजलं! उडीद दळला, भाकरी झाली, आणि पहिल्याच घासाला माझ्या दाढेखाली खडा कचकन वाजला. डाळही सईच निवडायची, तांदूळही सईच. अक्का रोज आमच्यात बसून जेवायच्या आणि पहिला घास स्वतः घ्यायच्या. त्यांचे अर्धे दात पडलेले, उरलेले हलणारे, तरी खायच्या. "व्हा! काय निवडं वं पोरनं!" म्हणायच्या आणि खडा गुपचूप पदराच्या टोकात टाकायच्या. सुनील शनिवारी आला की त्याचा जबडा दुखायचा. सोमवारी पहाटे जळगावच्या बसला बसताना म्हणाला, "डोळ्यांचा डॉक्टर लांब राहिला, मला आधी दातांचा लागेल."

दवाखान्यातल्या तपासणीच्या तारखा दूर दूर असायच्या. मला मात्र पोरीचा डोळा रोज तोंडात कळायचा. पहिल्या महिन्यात घासागणिक कचकच. दिवाळीनंतर एका जेवणात चार-पाच. "आज कितला खडा लागनात?" अक्का विचारायच्या आणि सई सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. कमी लागले की टाळ्या. उन्हाळ्यात एक दिवस वरण-भात पूर्ण संपला, ताट चाटून झालं, आणि कुणाच्याच दाढेखाली काही वाजलं नाही. मी बघितलं तर अक्का घास तोंडात तसाच धरून बसल्या होत्या. गिळला नाही. मग उठून त्यांनी सईच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. त्या वेळी मी त्यांच्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं. मी ताटं उचलली.

त्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी उजवा डोळा झाकून तक्ता दाखवला तेव्हा सई खालून तिसरी ओळ वाचत होती. पट्टी हळूहळू कमी करत पुढच्या दोन वर्षांत बंद झाली. डोळा अगदी उजव्याएवढा झाला नाही, पण शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत पोचला. चष्मा राहिला, तो राहणारच होता. त्याला तीट मात्र लागायची थांबली. त्याऐवजी अक्का माझ्या आणि सईच्या, दोघींच्या कानामागे लावायच्या. मी ती घाईत पुसून टाकायचे, सोनगीरच्या शाळेत काय म्हणतील म्हणून. आता वाटतं, एखाद्या दिवशी तरी ठेवायची होती.

मग अक्का मोरीत पाय घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण मुलगा सुरतेहून धावत आला आणि म्हणाला, आई, आता एकटं राहायचं नाही. त्याचं चूक नव्हतं. अक्कांनी महिनाभर तोंड पाडून घेतलं, मग निमूट बांधाबांध केली. आमचंही जळगावला जायचं ठरत आलंच होतं. तरी मला असं वाटायचं की आम्ही जाऊ तेव्हा अक्का खाली उभ्या राहून आम्हाला निरोप देतील, आधी त्याच निघून जातील हे डोक्यातच आलं नव्हतं.

धुळ्याच्या बसस्टँडवर आम्ही तिघं त्यांना सोडायला गेलो. दुपारची वेळ, उन्हानं फलाट भाजत होता. मुलगा सामान वर चढवत होता. अक्का खिडकीशी बसल्या, हातात बटव्यासारखी कापडी पिशवी. मी खिडकीला हात लावून उभी. आज बोलायचंच, असं ठरवून गेले होते. त्या दिवशी पायरीवर जे बोलले ते मनात धरू नका, एवढं एक वाक्य. तेव्हापासून जिभेवर होतं. मी म्हणाले, "पाण्याची बाटली घेतली ना?" अक्का म्हणाल्या, "लिधी वं माय." आणि खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून त्यांनी माझ्या तोंडावरून फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. गाडी सुरू झाली.

सई पळत फलाटाच्या टोकाला गेली. मी तिच्यामागे गेले. माझे डोळे नुसते भरून वाहत होते, समोर ऊन आणि धूळ आणि लाल काहीतरी हलतंय एवढंच कळत होतं. शेजारी बघितलं तर सईनं चष्म्याच्या उजव्या काचेवर तळहात ठेवला होता. कुणी सांगितलं नव्हतं तिला. गाडी वळणाच्या दिशेला निघाली, लहान होत चालली, आणि ती डावा डोळा ताणून तिच्याकडे बघत होती.

"दिसतायत का गं अक्का?" मी विचारलं.

"दिसतायत."

"अजून?"

"अजून दिसतायत. मागे वळून बघतायत." तिनं हात काचेवरून काढला नाही. मग म्हणाली, "आई, त्या पदरानं डोळे पुसतायत."